भेटीची दहा मिनिटं

अतिदक्षता विभागात आईला दिवसातून एकदाच, दहा मिनिटं भेटू देतात. समोर भिंतीवर घड्याळ. मध्ययुगीन युरोपातल्या मठांत प्रार्थनेची वेळ चुकू नये म्हणून अशी यंत्रं आली आणि हळूहळू साऱ्या जगाचे दिवस त्यांच्या ठोक्यांवर चालू लागले, हे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. मुलं पेंगायची, तास संपावा म्हणून प्रार्थना मात्र मीच करायचो. आज काटा नुसता धावत होता.

"काका, झाली वेळ," सिस्टर म्हणाली.

"आई, उद्या येतो गं."

"उद्या म्हणजे किती वेळ रे?"

तिथे खिडकी नाही. तिला दिवस कळत नाही, रात्र कळत नाही.

"हा आलोच," म्हणालो आणि बाहेर येऊन चपला घातल्या. अजून तेवीस तास पन्नास मिनिटं.