आर्डिस स्वोपचा शर्ट

आमच्या खोऱ्यात आर्डिस स्वोपला भित्री म्हणायची कुणाची छाती नव्हती. शाळेची पिवळी बस ती इतकी वर्षं चालवत होती की तिच्या बसमधून शाळेत गेलेल्यांची पोरं आता तिच्याच बसमध्ये बसत. जानेवारीत मिलच्या टेकडीचा उतार बर्फाने नुसता काच होतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा, आणि मागच्या बाकांवर पोरं एकमेकांच्या टोप्या ओढतायत. अशा वेळी बाई वरच्या आरशात एक नजर टाकायची, "बसा खाली सगळे," म्हणायची आणि बस खाली आणून उभी करायची. एकदा त्या उतारावर बसने गिरकी घेतली आणि ती आल्या वाटेकडे तोंड करून थांबली. पोरांची दातखीळ बसली होती. आर्डिस म्हणाली, तोंड इकडे झालंच आहे तर बेनरची राहिलेली पोरं आधी घेऊन येऊ.

आणि हीच बाई शिंगवालं हरीण दिसलं की हातपाय गाळून बसायची.

आमच्याकडे याला शिंगताप म्हणतात. आपल्याला तो येत नाही असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो जंगलात गेलाच नसेल. वर्षभर माणूस ज्याची वाट बघतो, तो नर झाडीतून बाहेर येऊन उभा राहतो, आणि त्याच क्षणी माणसाच्या तोंडचं पाणी पळतं, गुडघे आपले राहत नाहीत, काळजाचे ठोके टोपीत ऐकू येतात. चांगले दांडगे लाकूडतोडे मी असे लटपटताना पाहिलेत. पण त्यांचा ताप पहिला बार निघेपर्यंत टिकायचा. आर्डिसचा बारच निघत नसे.

तिचा बाप हार्लन स्वोप हा डोंगरावरच्या 'वाकडी नळी' नावाच्या शिकारी कॅम्पचा जुना माणूस. कॅम्प म्हणजे फळ्यांची एक झोपडी, मधे लोखंडी शेगडी, भिंतीला लागून दुमजली खाटा. हार्लन वारला तेव्हा त्याची खाट, म्हणजे कॅम्पमधली त्याची जागा, त्याच्या एकुलत्या एका लेकीला हवी होती. तोवर कुठल्या लेकीने अशी मागणी केली नव्हती. काहींनी नाकं मुरडली. कॅम्पचा म्होरक्या मर्व्हिन काउफमन, हार्लनचा जन्माचा दोस्त, बराच वेळ पाइप ओढत बसला आणि शेवटी म्हणाला की नियम सगळ्यांना एकच.

नियम असा होता. नवीन माणूस तीन हंगाम पाहुणा. तेवढ्या वेळात त्याचं काहीतरी भिंतीवर लागलं पाहिजे. नर मारला तर शिंगं लागतात. नेम चुकला तर त्याच संध्याकाळी म्होरक्या चाकूने त्याच्या शर्टाचा मागचा पदर कापतो, त्यावर नाव आणि साल लिहून तो खिळ्याने ठोकतो. शिंगांच्या भिंतीइतकीच शर्टांची भिंत भरलेली होती आणि तिच्यावर खुद्द मर्व्हिनचेही तुकडे होते. मारलेला चालतो, चुकलेला चालतो. ज्याने बारच काढला नाही, त्याला खाट नाही.

पहिल्या हंगामात आर्डिससमोर नर आला. ती धापा टाकत खाली आली आणि शपथेवर सांगू लागली की मी सगळी काडतुसं झाडली, हरीण तिथेच पडलेलं असणार. कुणालाच बार ऐकू आला नव्हता. मर्व्हिन वर गेला, बर्फातून काहीतरी वेचून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलं. सगळी काडतुसं कोरी. बाईने घोडा ओढलाच नव्हता. नुसता काडतूस बदलायचा दस्ता खालीवर करून एकेक काडतूस बंदुकीतून बाहेर फेकत गेली होती. आपण झाडतोय असंच तिला वाटत होतं. त्या दिवशी हॅम आणि घेवड्याचं सूप कुणाला धड गिळता आलं नाही, इतके सगळे हसले.

दुसऱ्या हंगामात नर अगदी जवळ आला. तिने बंदूक खांद्याला लावली, श्वास रोखला, आणि तिच्या तोंडून निघालं, "गुड मॉर्निंग." रोज सकाळी बसच्या पायरीवर चढणाऱ्या प्रत्येक पोराला ती हेच म्हणायची. हरणाने तिच्याकडे बघितलं आणि ते निघून गेलं. शेजारच्या धारेवर तिचा चुलतभाऊ डेल्बर्ट बसला होता, त्याने ते ऐकलं. पुढचं वर्षभर दुकानात, पेट्रोलपंपावर, चर्चच्या दारातसुद्धा लोक टोपी काढून तिला गुड मॉर्निंग घालत होते. संध्याकाळीसुद्धा.

तीही हसायची. पण घरी आल्यावर बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तिला स्वतःचा राग येई. खाट गेली तर ती डेल्बर्टच्या जावयाला मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जावई वाईट नव्हता. पण हार्लनने ती खाट स्वतःच्या हाताने ठोकली होती, आणि आर्डिसला तिथे झोपायचं होतं, बस्स.

तिसरा हंगाम उजाडला. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे शिकारीचा पहिला दिवस, आमच्याकडे शाळाही बंद. गुरुजीच जंगलात, तर शिकवणार कोण? पहाटे शेगडीवर पॅनकेक आणि सॉसेज होत होते आणि प्रत्येक जण तिला उपाय सांगत होता. एक म्हणाला तंबाखू चघळ. दुसरा म्हणाला शिंगांकडे बघूच नको, खांद्याकडे बघ. डेल्बर्ट म्हणाला, "आर्डे, एवढा जिवाला त्रास कशाला? घरी बसून पाय शेकत बस की." मर्व्हिनने तिच्या ताटलीत आणखी एक पॅनकेक टाकला आणि एवढंच म्हणाला, "हात थरथरले तर थरथरू दे, पोरी. गाल तेवढा बंदुकीला चिकटलेला ठेव."

तिने बापाचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट घातला, वरून, जंगलात माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालतात ते भगवं जाकीट चढवलं आणि ती हेमलॉकच्या राईजवळ, बापाच्या जागेवर जाऊन बसली.

नर आला तो आवाज न करता. आत्ता तिथे राखाडी खोड होतं, आणि आता खोडाला मान होती, कान होते, आणि वर शिंगं. आर्डिसचे गुडघे नाचायला लागले. जाकिटाचं बटण बंदुकीच्या लाकडावर टकटक वाजू लागलं. तिने खांद्याकडे बघायचं ठरवलं, पण नजर शिंगांवरून हलेना. श्वास मोजायला घेतला तर आकडे आठवेनात. यंदाही गेलं, असं तिच्या मनात आलं, आणि त्यासरशी तिला असा संताप आला की ओठातल्या ओठात, बसमधल्या आवाजात, ती आपल्या हातांना, गुडघ्यांना, काळजाला म्हणाली, "बसा खाली सगळे."

थरथर थांबली असं नाही. ती बसली, पोरं बसतात तशी, कुरकुरत, पाय हलवत. पण बसली. आर्डिसला आता एकेक गोष्ट दिसू लागली. शिकारीच्या कायद्याला शिंगं पुरेशी आहेत. मागे टेकडीचा उतार आहे, माणूस नाही. नराने एक पाऊल टाकलं आणि तो आडवा उभा राहिला. तिने घोडा ओढला.

बाराचा आवाज डोंगरभर घुमला. नराने पांढरी शेपटी उभारली आणि दोन उड्यांत तो दिसेनासा झाला. आर्डिसने आधी त्याच्याकडे बघितलंच नाही. तिने दस्ता खाली ओढला आणि बर्फात पडलेलं काडतूस उचललं. ते रिकामं होतं, गरम होतं. ते मुठीत धरून ती एकटीच मोठ्याने हसली.

मग तिच्या ध्यानात आलं की हरीण जखमी असू शकतं, आणि तिचं हसू मावळलं. आमच्याकडे बार काढला की शोध घ्यावाच लागतो, पडलेलं दिसलं नाही तरी. ती ठशांपाशी गेली तोवर मर्व्हिन काठी टेकत खालून आला होता.

"बार तुझाच?"

"माझाच, काका."

"पडलं?"

"नाही. गाल उचलला बहुतेक. पडताना बघायचं होतं."

दोघं दुपारपर्यंत ठशांमागे चालले. रक्ताचा थेंब नाही, केसांचा झुबका नाही. ओढ्यापलीकडे तो नर स्वस्थ चालीने वर गेलेला, मधे थांबून कोंबही खाल्लेले. परत येताना मर्व्हिनला हेमलॉकच्या सालीवर गोळीचा ताजा पांढरा ओरखडा दिसला, हरणाच्या पाठीपेक्षा चांगला वीतभर वर. त्याने त्यात बोट घालून बघितलं आणि म्हातारा कित्येक वर्षांत हसला नव्हता तसा हसला.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले. बिटाच्या रसात मुरवलेली अंडी, कॉफी, ओल्या मोज्यांचा वास. दोघांना शिंगं मिळाली होती, त्यांचं कौतुक झालं. मग मर्व्हिनने सांगितलं की आर्डिसचा बार निघाला आणि नेम चुकला, शोध मी स्वतः घेतला आहे. टेबलावर मुठी आपटून सगळ्यांनी तिचं स्वागत केलं. मर्व्हिनने चाकू उघडला, आणि तिथेच त्याचा हात अडला. एका बाईच्या मागे उभं राहून शर्टाला चाकू लावायचा, हे त्या झोपडीत कधी घडलं नव्हतं. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. बाकीचे शेगडीकडे बघू लागले.

डेल्बर्ट गोड आवाजात म्हणाला की जाऊ दे, बाईमाणसाचा शर्ट फाडणं आपल्याला शोभत नाही, आणि वर तो हार्लनचा. यंदा माफ करू. चारपाच माना लगेच हलल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, डेल्बर्टचं मात्र मला सांगता येत नाही. मर्व्हिनसुद्धा चाकू मिटायला लागला आणि म्हणाला की हवं तर भांडी पुसायचं फडकं कापून लावू.

आर्डिस उठून उभी राहिली. शर्ट कापला नाही तर भिंतीवर काही लागणार नाही, आणि भिंतीवर काही नसेल तर खाट नाही. एवढा साधा हिशेब या सभ्य माणसांच्या लक्षात येत नव्हता, किंवा एकाच्या चांगलाच लक्षात आला होता. तिने सगळ्यांकडे पाठ केली, शर्टाचा पदर पॅन्टमधून ओढून बाहेर काढला आणि मर्व्हिनच्या समोर धरला.

"फडकं काय चुकलं होतं, काका? नेम माझा चुकलाय. कापा."

"हार्लनचा आहे गं हा."

"त्यांचा होता. आता माझा आहे. आणि कंजूषपणा करू नका, सगळ्यांचा कापता तेवढा कापा."

मर्व्हिनने पदर ताणला आणि एका दमात इकडून तिकडे चाकू फिरवला. चांगला हातभर तुकडा निघाला. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि काय लिहू म्हणून विचारलं. डेल्बर्टने सुचवलं की 'हार्लनची मुलगी' लिहा, म्हणजे पुढे बघणाऱ्यांना कळेल. तिने म्हाताऱ्याच्या हातातून पेन घेतलं आणि 'आर्डिस स्वोप' असं ठळक अक्षरांत स्वतःच लिहिलं. खाली साल घातलं. खिळा मात्र मर्व्हिनने ठोकला, कारण तो मान त्याचा होता. मग ती हार्लनच्या खाटेवर जाऊन बसली आणि बूट काढू लागली. डेल्बर्ट तिला उठ म्हणाला नाही.

खरं तर तिला त्या रात्री तिथेच राहायचं होतं, पण मंगळवारी शाळा होती. जेवण झाल्यावर ती गाडी घेऊन खाली आली. सकाळी अंधारातच पिवळी बस निघाली. पहिल्या थांब्यावर बेनरची पोरं चढली आणि पायरीवरच त्यांतल्या मोठ्या मुलीने विचारलं की मिळाला का नर. घरी बापाने 'गुड मॉर्निंग'ची गोष्ट वर्षभर ऐकवलेली होती, त्यामुळे विचारतानाच ती गालातल्या गालात हसत होती.

आर्डिस म्हणाली, "नाही. नेम चुकला." आणि ती ड्रायव्हरच्या सीटवरून उठली, जाकीट वर उचललं आणि सगळ्या बसकडे पाठ करून उभी राहिली. लाल-काळ्या शर्टाला मागे पदरच नव्हता.

आमच्या खोऱ्यातल्या पोरांना कापलेल्या शर्टाचा अर्थ सांगावा लागत नाही. आधी मोठी बेनर टाळ्या वाजवायला लागली, मग सगळी बस. पुढच्या प्रत्येक थांब्यावर नवीन चढणाऱ्याला शर्ट दाखवावा लागला, आणि तिने तो प्रत्येकाला दाखवला. त्या दिवशी शाळेची घंटा वाजून गेल्यावर बस पोहोचली. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा उशीर झाला होता.