चाळीस वारांची धाव

“मोजायचं काही नाही, नसीर. जुन्या रेघा फिकट झाल्यात. त्यांच्यावरच पांढरा मारायचा आणि निघायचं,” पाटणकर साहेब फोनवर सांगत होते. मी तेव्हा कॉलेजच्या ग्राउंडवर गुडघे टेकून बसलो होतो आणि टेप आधीच पसरलेली होती. न मोजता रंग लावणं मला जमत नाही. बायको म्हणते, मी घरात चटईसुद्धा भिंतीपासून मोजून टाकतो. ती वाढवून सांगते, पण फार नाही.

माझा धंदा खेळाची मैदानं आखण्याचा. मूळ मी सर्व्हेअर, रत्नागिरीकडचा. अबुधाबीत आल्यावर बरीच वर्षं रस्ते मोजले, मग मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीतल्या या कंपनीत लागलो. पाटणकर साहेब तिथले मॅनेजर, ठाण्याचे. टेनिस, बास्केटबॉल, शाळांचे रनिंग ट्रॅक, सगळं आम्ही आखतो. शहराबाहेरच्या या छोट्या कॉलेजात मात्र भलताच खेळ होता, अमेरिकन फुटबॉल.

नाव फुटबॉल असलं तरी त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. चेंडू हातात धरून समोरच्यांच्या अंगावर पळायचं, असा साधारण खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही सरकलात तर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर आडवी रेघ असते. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारी साडीतला. मीटरपेक्षा थोडा आखूड. पाच यार्ड म्हणजे साधारण चार मीटर सत्तावन्न सेंटिमीटर.

माझी टेप दाखवत होती पाच मीटर. पुढच्या दोन रेघांत पुन्हा पाच, त्यापुढे पुन्हा पाच. ज्याने कोणी हे काम केलं होतं त्याचा हात फार चांगला होता. रेघ कुठेही हललेली नव्हती. सगळं मैदान अगदी सफाईने चुकलेलं होतं.

तेवढ्यात कोच आला. डॅन त्याचं नाव, चांगला सहा फुटी, उन्हाने लालबुंद झालेला. काही वर्षांपूर्वी इथे इकॉनॉमिक्स शिकवणाऱ्या एका अमेरिकन प्रोफेसरने डझनभर पोरं आणि सेकंडहँड हेल्मेटं जमवून हा प्रोग्रॅम सुरू केला होता. तो परत गेल्यावर डॅन आला. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर दरवर्षीच्या टीमचे फोटो लावलेले. ट्रॉफीचं कपाट होतं, त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवत.

“एनी प्रॉब्लेम?” त्याने विचारलं.

“कोच, घरच्या ग्राउंडवर तुमची पोरं लवकर दमतात का?”

तो हसला. “हे ग्राउंड जड आहे. सगळेच म्हणतात. बाहेर दुबईत खेळलो की पोरं हलकी पळतात. इथे लांबून मारलेली किक नेहमी कमी पडते. ह्युमिडिटी, दुसरं काय!”

“ह्युमिडिटी नाही,” मी म्हणालो आणि टेप दाखवली.

त्याला मीटर कळत नव्हते. मी टेप उलटी केली, मागच्या बाजूला फूट-इंच होते. पाच यार्ड म्हणजे पंधरा फूट. टेप सोळा फुटांच्याही पुढे गेलेली. त्याने खाली वाकून आकडा स्वतः वाचला.

“अशक्य. आमच्याकडे चेन आहे,” तो म्हणाला. दहा यार्ड पूर्ण झाले का हे बघायला या खेळात एक साखळी वापरतात, दोन्ही टोकांना काठ्या बांधलेल्या. त्याने ती स्टोअरमधून आणून रेघांवर ठेवली. तंतोतंत बसली.

“कुठून आणली?”

“मुसफ्फामध्ये बनवून घेतली. अमेरिकेतून मागवायला वेळ लागत होता.”

“माप काय दिलं होतं?”

डॅनने रेघांवरच्या साखळीकडे पाहिलं. “इथे ग्राउंडवर ठेवूनच कापली,” तो म्हणाला. म्हणजे रेघ चुकीची, साखळी तिच्यावरून कापलेली, आणि एवढी वर्षं दोघी एकमेकींची साक्ष देत होत्या. मला हसू फुटलं. डॅनला फुटलं नाही. तो टर्फच्या खोट्या गवतावर बसला आणि म्हणाला, “उस्मान.”

उस्मान हा त्याचा सगळ्यात वेगवान पोरगा. घर सुदानचं, जन्म शारजाचा. वडिलांची नोकरी संपत आली होती आणि पुढच्या वर्षाची फी भरणं घरच्यांच्या आवाक्याबाहेर होतं. डॅनने त्याच्या खेळाचे व्हिडिओ अमेरिकेतल्या एका कॉलेजला पाठवले होते. त्यांनी घेतलं तर फी माफ. त्यांना खेळ आवडला, पण वेग कमी वाटला. तिकडे खेळाडूचा वेग चाळीस यार्डांच्या धावेवर ठरवतात. उस्मानला पाच सेकंदांहून किंचित जास्त लागले होते. एवढ्यावर ते घेत नाहीत. आठवडाअखेर ते शेवटचं उत्तर कळवणार होते.

“ती धाव कुठे घेतली होती?” मी विचारलं, जरी उत्तर समोरच होतं.

“या शून्याच्या रेघेपासून त्या चाळीसच्या रेघेपर्यंत.”

म्हणजे पोरगा चाळीस मीटर पळाला होता. जवळजवळ साडेतीन मीटर फुकट.

मी पाटणकर साहेबांना फोन लावला आणि काय सापडलं ते सांगितलं. बरोबर अंतर आखून त्याचं सर्टिफिकेट द्यायला हवं, जुनं माप चुकीचं होतं हेही लेटरहेडवर लिहून द्यायला हवं, असं म्हणालो.

“तुला मोजायला कोणी सांगितलं होतं?” ते म्हणाले. “अरे, ते मार्किंग आपल्याच कंपनीचं आहे. तू जॉइन होण्याच्या आधीचं. क्लायंट नवीन कोर्टचं काम काढतोय, इन्शाल्ला आपल्यालाच मिळेल. आणि आत्ता असं लेटर द्यायचं? आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?”

“नाही दिलं तर तो पोराच्या पायावर पडतो, साहेब.”

“इमोशनल होऊ नकोस. रिपेंट मार, यल्ला, चल, विषय खलास.”

“चुकीच्या रेघेवर मी रंग मारणार नाही. दुसऱ्या कोणाला पाठवा.”

त्यांनी फोन ठेवला. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. माझा व्हिसा कंपनीचा, घर त्याच पगारावर चाललेलं. पण माप बरोबर असलं की माझा आवाज आपोआप चढतो, आणि एकदा चढला की तो उतरवणं मला जमत नाही.

तासाभराने साहेबांची गाडी गेटमधून आत आली. ते खाली उतरले, बूट काढून टर्फवर आले आणि टेपचं टोक हातात घेतलं. मी शून्याच्या रेघेवर, ते पलीकडे. छत्तीस मीटर सत्तावन्न सेंटिमीटर आणि वर सहा मिलिमीटर. तिथे त्यांनी स्वतः खडूने खूण केली.

“ड्रॉइंगवर नुसते आकडे होते रे,” परत येताना ते हळूच म्हणाले. “पाच, दहा, पंधरा. युनिट नाही. इथे सगळं मीटरमध्येच चालतं. मीच मीटर धरले.”

मॅनेजर माणूस स्वतःची चूक अशी उघड्यावर सांगतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, पण तसं तोंडावर सांगण्याची आमच्याकडे पद्धत नाही. मी टेप गुंडाळली.

क्लास सुटल्यावर उस्मान आला. लांब पायांचा, लाजाळू पोरगा. त्याला सगळं सांगितल्यावर त्याने खडूची खूण आणि जुनी रेघ यांच्यामधली जागा पाहिली.

“अंकल, आर यू शुअर?”

“रत्नागिरीपासून आजपर्यंत एवढा शुअर कधी नव्हतो,” मी म्हणालो. त्याला रत्नागिरी म्हणजे काय ते कळलं नाही, पण तो हसला.

डॅनने आधी पसरलेल्या टेपचा व्हिडिओ घेतला, मग कॅमेरा न थांबवता धाव. उस्मान सुटला. पाटणकर साहेब “पळ, पळ!” म्हणून मराठीत ओरडले. डॅनने घड्याळ दाबलं, बघितलं, आणि ते माझ्या हातात दिलं. चार पूर्णांक त्रेसष्ट सेकंद.

साहेबांनी त्याच संध्याकाळी लेटर सही करून दिलं. आठवडा संपायच्या आत अमेरिकेहून होकार आला. या कॉलेजच्या टीममधून तिकडे खेळायला गेलेला उस्मान पहिलाच. भिंतीवर आता त्याचा एकट्याचा मोठा फोटो आहे. जुन्या रेघा मशीनने घासून काढून आम्ही कंपनीच्या खर्चाने सगळं मैदान नव्याने आखलं. नव्या कोर्टचं काम आम्हाला मिळालं नाही. नवीन सर्व्हेअर आला की मी त्याला सांगतो, आकड्यापुढे युनिट नसेल तर तो आकडा नाही, नुसती नक्षी आहे.

पुढच्या सीझनमध्ये बरोबर मापाच्या मैदानावर त्यांची पहिली होम मॅच झाली. सडकून हरले. दुसऱ्या दिवशी डॅनचा फोन.

“नसीर, तुझे यार्ड एकदम परफेक्ट आहेत. आता त्यांच्यावर पळायला कोणीतरी पाठव!”

मी म्हणालो, “सॉरी कोच, आमची कंपनी फक्त रेघा पुरवते.”