बहिणीच्या वाट्याचं अंडं

माझ्या बहिणीच्या वाट्याचं अंडं मी खाल्लं. एखाद्या दिवशी नव्हे, माझ्या दहावीचं अख्खं वर्ष. आणि तिने ते आपण होऊन सोडलंय असं तिलाच वाटावं, अशी व्यवस्थाही मीच केली होती.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती पहिलीच वर्षं. आमचं घर कुणकेश्वरपासून चालत अर्ध्या तासावर. वडील देवगडला कचेरीत कारकून होते, शनिवारी घरी येत. आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. सकाळी आमच्यासाठी पेज रटरटायला ठेवून ती लोकांच्या पोरांना खाऊ शिजवायला जायची. अंगणवाडीच्या भिंतीवर मुलांच्या वजनाचा तक्ता होता. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. तो तक्ता लहान पोरांपुरताच होता. तेरा वर्षांच्या मुलीचं वजन कोणी करत नसे.

त्या वर्षी बहीण शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन पडली. आईने तिला सरकारी दवाखान्यात नेलं, मीही सोबत होतो. तिथली नर्स तिला फार आवडली. पांढरे कपडे, हातात घड्याळ, आवाजात जरब. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मुलीच्या अंगात रक्त कमी आहे. या गोळ्या द्या. नाचणी, पालेभाजी, रोज एक अंडं. ही दोन-तीन वर्षं वाढीची. आत्ता पोटात जाईल तेच तिचं. मागाहून दिलेलं उंचीला लागत नाही."

येताना वाटेत ती म्हणाली, "आये, मी नर्स होतलंय."

आमच्याकडे तीन कोंबड्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आई जाण्यापूर्वी एक अंडं उकडून वाटीत झाकून ठेवू लागली. "ह्यां चेडवाचां," हे मुलीचं, असं मला बजावून जायची. पण आमच्या घरात सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळत. त्या दिवशी बहीण अंड्याला हात लावायची नाही. मी कुठलाच वार पाळत नव्हतो. आईला वाटायचं, वाराचं अंडं ती दुसऱ्या दिवशी खाते. ते मी खायचो.

मला भूक लागायची हे खरं. सोळाव्या वर्षी पेज दोन तासांत जिरते. पण मी उपाशी नव्हतो. पेजेचा खालचा दाट भाग मलाच मिळायचा, बहीण वरची निवळ प्यायची. ते कोणी ठरवलेलं नव्हतं. वाढणारी तीच होती.

तीन वारांची सवय लागल्यावर उरलेले चार दिवस मला जड जाऊ लागले. एका मंगळवारी ती अंडं सोलत होती. मी म्हटलं, "बाय, माझो एक नवस बोलशीत?"

"कसलो?"

"माझ्या धावीचो निकाल लागासर अंडां आणि मासळी सोड. कुणकेश्वराक सांग. भैणीचो नवस भावाक लागता."

"पास झालंस तर माका काय?"

"माझी कंपासपेटी तुका."

ती हसली. "पेटी मोडकी आसा, दादा. पण चलात." तिने अर्धं सोललेलं अंडं माझ्या ताटात ठेवलं.

"आणि आयेक सांगू नको," मी म्हणालो. "सांगललो नवस फळणा नाय."

हे वाक्य मला ऐनवेळी सुचलं. आमच्याकडे सगळेच तसं मानत, म्हणून ते खोटं आहे हे मलाही त्या क्षणी जाणवलं नाही. अंडं गरम होतं. मी त्यावर मीठ टाकून खाल्लं.

जेवताना ती आमटीतले मासे बाजूला सारायची. आई म्हणायची, "काय गो, दर्याच्या काठार जन्माक इलंस आणि माशांका नाक मुरडतंस?"

"वास नको वाटता," ती म्हणायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

मी पास झालो. कॉलेजसाठी कोल्हापूरला गेलो, जाताना कंपासपेटी ट्रंकेत टाकली. श्रावणात तिचं पत्र आलं. शेवटी एकच ओळ होती : दादा, नवस कधी फेडूचो? मी कळवलं, दिवाळीला येईन तेव्हा. दिवाळीला गेलो, चार दिवस राहिलो, विषय काढला नाही. देवळात जायचं तर नारळ मला ठेवावा लागणार होता आणि देवाला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिने पुन्हा विचारलं नाही. फेडल्याशिवाय नवस सुटत नाही, म्हणून ती तो पाळत राहिली. वाटीतलं अंडं रोज तसंच उरू लागल्यावर आईने अंडी उकडणं बंद केलं आणि कोंबडी खुडूक झाली की ती पिलांसाठी तिच्याखाली ठेवायला सुरुवात केली.

दहावीनंतर बारावीही करून ती नर्सिंगच्या निवडीला गेली. मार्क पुरेसे होते. तपासणीत वजन कमी भरलं, रक्त कमी निघालं. पुढच्या वर्षी या, असं सांगितलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. ती रडली नाही. मला तेव्हा काय वाटलं ते आठवून पाहतो, पण काही आठवत नाही. मांडवात मी पाण्याचे पेले भरत होतो, एवढंच आठवतं.

हे सगळं एका अंड्यामुळे झालं असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. मी अनेक वर्षं त्याच वाक्याला टेकून बसलो.

माझी मुलगी तेरा वर्षांची झाली. तिचं रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं. सकाळी मी ते सोलत होतो आणि हात थांबला. त्या आठवड्यात मी शिरोड्याला बहिणीकडे गेलो.

ती चहा ठेवत होती. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, तिने पाटावर चढून तो काढला. तिच्या मुलासाठी गॅसवर अंडी उकडत होती. मी विचारलं, "तू खातंस?"

"नाय. तुझो नवस फेडूचो रवलो मा," ती सहज म्हणाली. "आता सवयच गेली."

मी उठून गॅस बंद केला. एक अंडं सोललं, बशीत घालून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "तो नवस नव्हतोच गो, बाय. माका तुझां अंडां होयां होतां. माझां चुकलां."