मुंडावळ्यांखालचा चष्मा

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि चष्मेवाले बंधुभगिनी यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मी माझ्या स्वतःच्या लग्नाला वेळेवर हजर होते, शालू नेसून होते, चौरंगावर सगळ्यांच्या समोर उभी होते; परंतु ते लग्न मी पाहिलेलं नाही.

शाळेपासून माझ्या नाकावर जाड काचांचा चष्मा. पण चष्मेवाली नवरी म्हणजे आमच्याकडे पोचा पडलेलं भांडं. मुलगा पाहायला आला तेव्हा आईनं माझा चष्मा काढून पिठाच्या डब्यामागे ठेवला. लग्नाच्या दिवशी तो तिच्या पर्समध्ये गेला. वर सूचना दिली, "सासरी महिना-दोन महिने कळ काढ. मग डोकं दुखते म्हण. ते लोकच नेतीन डॉक्टरकडे."

मी कळ काढली. चहात मीठ घातलं, नणंदेच्या पाया पडून तिला सासूबाई म्हटलं, आणि मग एकदाचं डोकं दुखवलं. सासऱ्यांनी मोठ्या मायेनं चष्मा करून दिला. अशा रीतीने माझा नंबर लग्नानंतर लागला, असं सासरी ठरलं. नवऱ्यालाही तेच ठाऊक. आईचा शब्द खोटा पडू नये म्हणून मीही गप्प राहिले. आई गेली, तरी शब्द राखला.

मात्र चष्मा परत नाकावर आला त्या दिवशी मी ठरवलं, आता लपायचं नाही. तेव्हापासून फ्रेमचा शौक. मांजरीच्या डोळ्यांसारखी टोकं वर गेलेली लाल फ्रेम घालून मी हळदीकुंकू गाजवलं. पूर्वी हेडमास्तरांच्या नाकावर असायची ती जाड काळी फ्रेम फॅशनमध्ये आली, तेव्हा ती लावणारी आमच्या गल्लीत मी पहिली. नवरा मात्र दर वेळी दुकानाबाहेर स्कूटरवर बसून राही. काच ठोठावून मी खुणेनं विचारी, कशी दिसते? त्याचं ठरलेलं उत्तर, "तुले आवडलं ना, मग झालं." साडी घेतानाही तेच. "माझी पसंती तुले कुठं आवडते!" मला वाटायचं, माणूस कोरडा आहे. काही माणसं असतात तशी. मी त्याची वाट पाहणं सोडून दिलं आणि आरशाला विचारू लागले. आरसा निदान तोंड फिरवत नाही.

यंदा माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. भाचीचा नंबर माझ्याहून जाड. लेन्स घातल्या की तिचे डोळे मिरची लागल्यासारखे लाल होतात. ती म्हणाली, "मावशी, मले माझं लग्न पाहायचं आहे."

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. तिला घेऊन जरीपटक्याच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आजकल ट्रान्सपरंट चल रहा है, दुल्हन पे भी जमेगा." मी त्याला शिकवणी दिली. गोल चेहऱ्याला गोल फ्रेम देऊ नये, लाडू दिसतो. भुवया फ्रेमच्या वर मोकळ्या दिसल्या पाहिजेत. नथ असेल तर फ्रेमचा खालचा काठ वर हवा, नाहीतर हसलं की मोत्यांची आणि काचेची भांडणं. काजळ गडद लावावं, कारण जाड काचेमागे डोळे लहान दिसतात. शेवटी पाण्यासारखी पारदर्शक, किंचित चौकोनी फ्रेम आम्ही निवडली. भाचीनं ती लावून आरशात पाहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन मान डोलावली.

आणि मग माझी खरी युक्ती. लग्नाच्या दिवशी आधी चष्मा, नंतर त्याच्या दांड्यांवरून मुंडावळ्या! एकदा बांधलेल्या मुंडावळ्या लग्न लागण्याआधी सोडायची कोणाची छाती नाही. चष्म्याला देवाधर्माचं कुलूप. मी स्वतः गाठ मारली आणि विजयी सेनापतीसारखी पहिल्या रांगेत, नवऱ्याशेजारी जाऊन बसले.

कुही गावाच्या वाटेवरचं लग्नाचं लॉन. अंतरपाट धरलेला, भाचीच्या दोन्ही हातांत हार. मंगलाष्टकं संपत आली, आणि फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, चष्म्यावर लाइट चमकून राहिला! डोळेच येऊन नाही राहिले!"

माझी बहीण पुढे झाली. तिनं मुंडावळ्यांना हातही लावला नाही. चष्मा नाकावर धरला आणि सरळ पुढे ओढला. दांड्या लोण्यातून सुरी निघावी तशा बाहेर आल्या. माझ्या कुलपाला एवढी एकच फट होती आणि ती बहिणीनंच शोधली.

"आई, दे नं वं!" भाची म्हणाली. हात हारात अडकलेले.

"दोन मिनिटं. अल्बम जन्मभर राहते."

आमच्या वेळी सासरपासून लपवायचं होतं, आता कॅमेऱ्यापासून. मधल्या काळात आम्ही एवढी प्रगती केली.

मी उठेपर्यंत अंतरपाट खाली गेला. समोर नवरदेव हसत उभा. आणि भाची त्याच्याकडे पाहत होती: डोळे बारीक, कपाळाला आठ्या, ओठ दाबलेले, जसं कोणी शिळ्या भाजीकडे पाहतं. पोराचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. बँड सुरू झाला.

"पोरगा पसंत नाही वाटते पोरीले," माझा नवरा म्हणाला. त्याचा आवाज विचित्र झाला होता.

"पसंत आहे. चष्मा काढला की तिले समोरचं माणूस दिसत नाही, डोळे बारीक करा लागतात." संतापाच्या भरात आईचा शब्द निसटला. "मलेही असंच उभं केलं होतं. तुम्ही मले दिसलेच नव्हते."

"तुले तं नंबर मागून लागला ना?"

"शाळेपासून होता. चष्मा आईच्या पर्समध्ये होता."

तो खुर्चीतून ताडकन उठला. मग बँडच्या वर आवाज चढवून ओरडला. हातात अक्षता घेतलेली रांगच्या रांग वळून आमच्याकडे पाहू लागली.

"म्हणजे आपल्या लग्नातल्या त्या आठ्या माझ्यासाठी नव्हत्या? अवं, मी तं तवापासून समजून राहिलो का तुले मी आवडलोच नाही!"