मुहूर्ताचा अर्धा रोज

मला हसू आवरत नाही हा माझा जुना दोष, आणि सासूला तो मुळीच खपत नसे. त्या काळी आम्ही दोघी नंदुरबारच्या कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनमध्ये रोजाने जात होतो. जिनचा कायदा साधा होता. इंजिन सुरू होऊन पट्टा एकदा जरी फिरला, तर पुढे काम बंद पडलं तरी अर्धा रोज मिळायचा. पट्टा फिरलाच नाही, तर आल्या पावली परत. कायदा करणारा कधी पायी आलेला नव्हता, एवढं नक्की.

शेठ गुजराती. दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला जिनचा मुहूर्त करायचा. त्या वर्षी भुईमुगाच्या काढणीचं काम सोडून आम्ही बाया पहाटेच निघालो. तिकडचा रोज सोडलेलाच होता; जिनचाही बुडाला तर त्या दिवशी हाती काहीच नव्हतं. भटजींनी मंत्र म्हटले, शेठने नारळ फोडला, इंजिन धडधडलं, पट्टा फिरला. मग कळलं, भाव न जुळल्यामुळे कापसाच्या गाड्या शहाद्याकडे वळल्या. शेठने इंजिन बंद करवलं.

मुकादम म्हणाला, "कापूस उना नही. घर जा."

सासू जागची हलली नाही. "पट्टा फिरना ना? मंग अर्धा रोज दे."

शेठ पुढे आला. "अरे, ती तर पूजा होती. पूजेचा पट्टा कामात धरत नाहीत."

"बरं," सासू शांतपणे म्हणाली. "मंग पट्टा फिरनाच नही. बजारमा कोनी इचारं त आम्ही सांगसूत, यंदा शेठना मुहूर्त व्हयनाच नही."

शेठचा चेहरा उतरला. मुहूर्त चुकला म्हणजे वर्ष गेलं, असं मानणारा माणूस तो. त्याने भटजींकडे पाहिलं. भटजी दक्षिणा घेऊन बसले होते, ते कशाला बोलतील? शेवटी शेठनेच मुकादमाला खूण केली आणि सगळ्या बायांना अर्धा रोज मिळाला. वर प्रसादाचं खोबरंही त्याने स्वतःच्या हाताने वाटलं.

मला मनातून फार बरं वाटलं. अख्ख्या वाटेने मी हसत होते. सासू मात्र फणकाऱ्याने पुढे चालली होती. म्हटलं, आता काय झालं?

"पट्टा त पुरा फिरना," ती म्हणाली. "मी अर्धाच रोज काबर मांगा?"