शंभरात एकतीस मेलेल्या

पेणहून रोह्याला औषध कंपनीच्या बसने जाऊन सोळा वर्षं मी पेशी मोजल्या. बाटलीत वाढणाऱ्या पेशींचा थेंब काढायचा, निळ्या रंगात मिसळायचा, चौकोन आखलेल्या काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायची. मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही. दोन्हींचे आकडे मी वेगळे लिहीत असे.

गेल्या वर्षी बाटली न उघडता मोजणारं यंत्र आलं. बाहेरून उजेड सोडायचा. आत जितकी दाटी तितका तो अडतो, त्यावरून आकडा. झाकण उघडायला नको, म्हणजे जंतू शिरायची भीती नाही. यंत्र बसवताना तीन महिने माझेच आकडे ताडून पाहिले. शेजारच्या टेबलावरचा, रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहणारा सहकारी म्हणाला, "त्याला चष्मा नाय लागत, चहा नाय लागत. तुमचं काय काम आता?" मला हसू आलं नाही.

यंत्र वाईट नव्हतं. पण मेलेली पेशीही उजेड अडवते. आमच्या विभागप्रमुख मॅडमना, त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हे सांगितलं.

"काका, यंत्र तुमच्याच आकड्यांवर बसवलंय. स्वतःवर विश्वास नाही का?"

"तेव्हा मेलेल्या शंभरात चार-पाच होत्या, मॅडम."

"मोजणीला माणूस ठेवायचा की नाही, ते मार्चमध्ये ठरेल. तोवर बाटल्या उघडू नका."

पुढे एका बॅचचा आकडा रोज चढत होता, पण बाटली न उघडता सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर पेशी मला मरगळलेल्या दिसत होत्या. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्या बॅचच्या आठ बाटल्यांतली एक उघडली. न विचारता. शंभरात एकतीस निळ्या. दोनदा मोजलं. आकडा हातात होता, म्हणून सोमवारच्या मीटिंगपर्यंत थांबलो.

सोमवारी ती बाटली पिवळी, गढूळ झाली होती. जंतू शिरले होते. बाकीच्या सात स्वच्छ. आणि यंत्राने त्या सडक्या बाटलीलाच सर्वांत मोठा आकडा दिला होता! मी तो मॅडमना दाखवला.

"आकडा राहू द्या. झाकण कोणी उघडलं?"

"मी."

अहवालात मी बाटली सडल्याचं कारण लिहिलं, 'परवानगीशिवाय झाकण उघडले.' खाली लिहिलं, 'मेलेल्या पेशी : शंभरात एकतीस.'

"दुसरी ओळ काढा. न विचारता घेतलेला नमुना धरतात का? नव्यांना तुम्हीच शिकवता ना?"

शिकवत होतो. दुसऱ्या कोणी असा नमुना आणला असता, तर मीही धरला नसता. आमच्या रीतीप्रमाणे त्या ओळीवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही-तारीख टाकली.

तासाभराने मॅडमनी अहवाल नव्याने टाइप करून आणला. त्यात ओळ नव्हती, रेघही नव्हती. मी सही केली. मार्चची वाट पाहावी लागली नाही. त्याच आठवड्यात मला स्टोअरला पाठवलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "आणि बाकीच्या सात बाटल्या?"

"यंत्राच्या आकड्यावर पुढे औषध बनवायला गेल्या."