निवाऱ्याचं कुलूप

वहिनीला ऑफिसात सगळे 'फोनबाई' म्हणायचे. तिच्या पाठीमागे म्हणायचे, पण तिला ते ठाऊक होतं. नगरपालिकेत बावीस वर्षं कारकुनी केली तिनं, त्यातली शेवटची नऊ आपत्तीच्या टेबलावर. ते टेबल जिन्याखाली, मोरीच्या दाराला खेटून. वर एक फोन, भिंतीवर गावाचा नकाशा. पूर आला, आग लागली, वादळ झालं तर कोणी काय करायचं, याची योजना दरवर्षी त्या टेबलावरून निघायची. आधीची माणसं मागच्या वर्षीचाच कागद काढायची, वरचं साल बदलायची आणि चहाला जायची.

वहिनी यादीतला एकूण एक नंबर फिरवायची. दोनशे अकरा नंबर! "नमस्कार, नगरपालिकेतून बोलतेय. पूर आला तर तुम्ही होडी आणणार असं आमच्याकडे लिहिलंय. आणणार ना?" पहिल्याच वर्षी कळलं, होडीवाला चार वर्षांपूर्वीच वारलाय. फोन त्याच्या बायकोनं उचलला. चार वर्षं आमचा जीव एक मेलेला माणूस वाचवणार होता, आणि त्यावर दरवर्षी तीन जणांच्या सह्या होत होत्या. घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. ती नाही हसली.

मी तिची नणंद. शिवणकाम करते, आणि तोंडाची फटकळ म्हणून गल्लीत माझी ख्याती आहे. ती खोटी नाही. दादा लांबच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे दिवस आम्ही तिघी, आई, वहिनी आणि मी. घर नदीकाठच्या खालच्या गल्लीत, एकसष्ट घरांतलं शेवटून तिसरं. मागचं दार उघडलं की नदी. आईचे गुडघे कामातून गेलेले. पाणी चढलं तर तिला वेळेत टेकडीवर न्यायचं आणि तिथं कोरड्यात बसवायचं, एवढी एकच काळजी आमच्या घरात कायम असायची. घराण्यात खोकला, आणि आईची छाती तर लहानपणापासून नाजूक.

टेकडीवर निवारा केंद्र बांधलं होतं. छान होतं हो, खोटं कशाला बोलू? पक्कं छत, दोनशे गाद्या, पाण्याच्या टाक्या. फीत कापली, फोटो निघाले, पाहुणे गेले, कुलूप लागलं. ते काही पुन्हा निघालं नाही. गाद्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. वहिनीनं साहेबांना विचारलं, निदान महिन्यातून एकदा उघडून झाडून घेऊ या का? साहेब म्हणाले, "बाई, उघडं ठेवलं तर लोक वापरतील."

हे मी मनचं सांगत नाहीये. असंच म्हणाले. लोक वापरतील!

एका रविवारी वहिनीनं आईला तयार केलं. पायात बूट, हातात काठी, आणि स्वतःच्या हातात घड्याळ. "आई, पूर आलाय असं समजा आणि चला."

आई म्हणाली, "मग माझी पेटी घेऊ दे."

"पेटी राहू द्या."

"पूर आला तर मी पेटी घेणारच. खरं मोजायचं तर पेटीसकट मोज."

पेटीसकट अडतीस मिनिटं लागली. योजनेत लिहिलं होतं दहा. सोमवारी वहिनी साहेबांपुढे उभी. साहेब हसले. "तुमच्या सासूबाई म्हणजे काय मोजपट्टी आहेत का?"

"हो साहेब," वहिनी म्हणाली. "त्यांना धरून वेळ लावा, मग सगळे पोहोचतील."

तेवढं मात्र ऐकलं त्यांनी. इशारा अर्धा तास आधी द्यायचा, असं ठरलं. त्या आनंदात वहिनीनं घरी येताना आईला नवी काठी आणली. असली होती ती. एवढ्याशा गोष्टीनं खूश व्हायची, आणि कागदावर तिचा विश्वास. एकदा कागदावर आलं की कायमचं होतं, असं म्हणायची.

मग पुढच्या वर्षी एक रंगीत योजना आली. साहेबांनी बाहेरच्या कुठल्याशा कंपनीकडून करून घेतली. गुळगुळीत कागद, पानोपानी चित्रं. वहिनी रात्री जेवताना वाचत बसली आणि एका पानावर थांबली. "वन्सं, हे बघा." चिडली की मला वन्सं म्हणते, एरवी नुसतं 'अगं'. त्या पानावर लिहिलं होतं, समुद्राची मोठी लाट आल्यास किनाऱ्यावरील नागरिकांनी काय करावे. समुद्र आमच्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर! दुसऱ्या कुठल्या गावाची योजना उचलून आमच्या गावाचं नाव चिकटवलेलं.

पण वहिनी चिडली होती ती पुढच्या पानावरून. तिथं तक्त्यात एक ओळ होती. 'निवारा केंद्राची किल्ली: मुख्याध्यापक, पदसिद्ध.' म्हणजे केंद्राची देखभाल टेकडीखालच्या शाळेकडे, आणि जो कोणी मुख्याध्यापक असेल त्याच्याकडे किल्ली. वहिनीनं तो नंबर फिरवला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन उभी राहिली आणि शिपायाच्या फोनवरून पुन्हा तोच नंबर लावला. बंद खोलीत फोन वाजायला लागला. मुख्याध्यापकाची जागा चौदा महिने रिकामी. किल्ली त्याच खोलीत, टेबलाच्या खणात. आणि खोलीची किल्ली शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याकडे, नदीपलीकडे.

म्हणजे पूर आल्यावर उघडायच्या दाराची किल्ली नदीच्या पलीकडे. कप्पाळ माझं!

केंद्राच्या फाटकासमोर सायकल दुरुस्तीचं एक दुकान आहे, टेकडीवर तेवढंच. दुकानदार भला माणूस, तिथंच राहतो. वहिनीनं टिपण लिहिलं: दुसरी किल्ली करून या इसमाकडे ठेवावी. फाइल साहेबांकडे गेली आणि आठवड्यानं परत आली. कोपऱ्यात लाल शाईत दोन शब्द. 'चर्चा करावी.' वहिनी चर्चेला गेली तर साहेब बैठकीत. पुन्हा टिपण. पुन्हा 'चर्चा करावी.' सहा महिन्यांत पाच वेळा. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तर सहा महिने झाले आणि आम्ही थांबलेलेच.

मी तिला म्हणाले, "वहिनी, तू त्या शिपायाला गाठ. खिडकीतून आत शिरून खण उघडायला लाव, किल्लीचा साबणावर छाप घे, आपण करून आणू. कुणाला कळतंय?"

"मी चोर आहे का?"

"अगं, आई कुठं बसणार पावसात?"

"होईल. नियमानं होईल."

तिच्या त्या नियमाला आग लागो, असं मी तेव्हा म्हणाले. अजून म्हणते. माझा राग साहेबांवर आहे हे खरं, पण वहिनीवरही आहे. ऑफिसातली टाचणी कधी घरी न आणणारी बाई. एवढं सरळ असू नये माणसानं.

पाणी आलं ते बुधवारी, भर दुपारी. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याची खबर अकराला आली आणि वहिनी फोनला बसली. गल्लीतल्या एकसष्ट घरांना तिनं स्वतः फोन केले. तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, दरवर्षी ऐकलेला. कोणी वाद घातला नाही, कोणी कपाट बांधत बसलं नाही. मी आईला घेतलं, आईनं पेटी घेतली, आणि आम्ही निघालो. अडतीस मिनिटं. मागे वळून पाहिलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं आणि गल्लीत एक माणूस उरलं नव्हतं.

सगळे वेळेत टेकडीवर पोहोचलो, योजनेप्रमाणे. आणि दाराला कुलूप.

दोनशेच्या वर माणसं. पाऊस असा की समोरचं दिसेना. पुढच्या पडवीत वीस-पंचवीस जण मावत होते, तिथं तान्ही पोरं आणि त्यांच्या आया. सायकलवाल्यानं दुकान मोकळं करून दिलं, त्यात दहा जण. आईला मी तिकडं ढकलत होते. ती म्हणाली, "त्या पोटुशीला बसू दे. मी काय, झाड आहे." आणि पेटीवर बसली, उघड्यावर. मी तिच्या डोक्यावर प्लॅस्टिक धरलं. पाणी खालून येत होतं, बाजूनं येत होतं.

सायकलवाल्यानं साहेबांना फोन लावला. "साहेब, तोडू का कुलूप?"

"अजिबात नाही! सरकारी मालमत्ता आहे. माणूस किल्ली घेऊन निघालाय."

माणूस निघाला होता. पुलापर्यंत आला असेल. पूल बाराला बंद झाला.

आणि आम्ही थांबलो. हे मला कुणाला सांगतानासुद्धा लाज वाटते. दोनशे माणसं, सायकलवाल्याकडे हातोडा, आणि आम्ही थांबलो. बाकीच्यांचं सोडा, माझ्या या एवढ्या तोंडाला काय झालं होतं? मी हातोडा मागितलाही होता. मग मनात आलं, वहिनीचं खातं आहे, ठपका तिच्यावर येईल, नोकरी जाईल. आईचे ओठ निळे पडत होते आणि मी वहिनीच्या नोकरीचा विचार करत होते.

अडीच तासांनी वहिनी आली. फोन बंद पडले तेव्हा ऑफिसातून चालत निघालेली, मागच्या डोंगराच्या वाटेनं, गुडघ्यापर्यंत चिखल. तिनं कुलूप पाहिलं. पेटीवर बसलेली आई पाहिली. सायकलवाल्याच्या हातातून हातोडा घेतला आणि घातला. पाचव्या घावाला कुलूप खाली पडलं. पाच घाव! अडीच तास आम्ही पाच घावांसाठी उभे होतो.

गाद्यांवरचं प्लॅस्टिक फाडून आम्ही आईला एका गादीत गुंडाळलं. "आता बरं वाटतंय," म्हणाली. अकराव्या दिवशी आई दवाखान्यातच गेली. छाती पाण्यानं भरली, असं डॉक्टर म्हणाले.

पूर ओसरल्यावर अहवाल निघाला. टंकायला वहिनीच होती. 'जीवितहानी' असा रकाना, त्यात साहेबांनी शून्य लिहून दिलं. वहिनी म्हणाली, "साहेब, माझी सासू गेली."

"बाई, वाईटच झालं. पण त्या पुरात नाही गेल्या, दवाखान्यात गेल्या. तांत्रिकदृष्ट्या शून्यच."

त्या शून्यावर साहेबांचा सत्कार झाला. हार, नारळ, टाळ्या. आदर्श नियोजन! पेपरात फोटो आला, मागे निवारा केंद्राचं दार, त्याला नवं कुलूप.

आणि त्याच आठवड्यात वहिनीला नोटीस. शासकीय कुलूप विनापरवाना का तोडले, तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, दे, मी लिहिते खुलासा, असा लिहिते की सात पिढ्या वाचतील. तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, सुवाच्य अक्षरात, जसं बावीस वर्षं लिहीत आली तसं लिहिलं.

'महोदय, सदर कुलूप मीच तोडले. ते अडीच तास उशिरा तोडले. खरे तर सहा महिन्यांपूर्वीच तोडायला हवे होते. या विलंबात माझ्या सासूबाई गेल्या. विलंबाबद्दल माझ्यावर जी होईल ती कारवाई मला मान्य आहे. सोबत पाच टिपणांच्या प्रती जोडल्या आहेत.'

आठवड्यानं कागद तिच्या टेबलावर परत आला. कोपऱ्यात तीच लाल शाई, तेच दोन शब्द.

चर्चा करावी.